पायावर पाय पडला की

चुकून कुणाच्या पायावर तिचा पाय पडला किंवा तिच्या पायावर कुणाचा, की ती लगेच हात पुढं करायची. उजवा हात, आणि त्याच्या कोपराला खालून डाव्या हाताचा आधार. समोरच्या माणसानं हात हातात घेतल्याशिवाय बाई जागची हलायची नाही.

आता तुम्हीच सांगा, टँकरच्या रांगेत पायावर पाय पडल्याशिवाय कधी पाणी मिळालंय का कुणाला? त्यामुळं एका टँकरमागं ती निदान पंधरा-वीस जणींशी हात मिळवायची. निवडणुकीला उभी राहिल्यासारखी. सुरुवातीला बायका पदराआड खुदुखुदु हसायच्या. आपल्यात पाय लागला तर वाकायचं, हात लावायचा, छातीशी न्यायचा, विषय संपला. हे हात मिळवणं कुठून काढलं हिनं?

मी एकदा विचारलं, "आणि नाही दिला हात तर?"

ती हसता हसता थांबली. "मग वैर, ताई. छोटी गोष्ट आहे. पण हात नाही दिला तर राहते आत."

"अगं, एवढ्याशा पायानं कसलं वैर!" मी म्हणाले आणि विसरूनही गेले.

ती मंगोलियाची. तिथल्या एका लहानशा गावात बालवाडीची शिक्षिका होती. कुठल्याशा संस्थेमार्फत, जुजबी मराठी शिकून, वर्षभरासाठी सेवेला म्हणून ती आमच्याकडं आली. आमच्याकडं म्हणजे साताऱ्याच्या डोंगराच्या अलीकडं, तो सातारा जिल्हा नव्हे, दौलताबादजवळच्या आमच्या शहराच्या कडेला, जिथं तेव्हा नुसतं प्लॉटिंग पडलं होतं. शहर वाढत वाढत आमच्यापर्यंत आलं होतं, पाणी मागंच राहिलं होतं. गुंठा-गुंठा घेऊन लोकांनी घरं बांधलेली, रस्ता मुरमाचा, प्रत्येक दारात निळा ड्रम आणि ड्रमाच्या झाकणाला कुलूप. हो, कुलूप. सोनं उघड्यावर राहिलं असतं एक वेळ, पण पाणी नाही.

मी त्या संस्थेची बालवाडी चालवायचे. दोन खोल्या, तीस पोरं. मागच्या खोलीत हिची राहायची सोय केली. आणि संस्थेनं तिला कशासाठी पाठवलं होतं माहीत आहे? मुलांना हात धुवायला शिकवण्यासाठी. येताना तिनं स्वतः रंगवलेले तक्ते आणले होते. नळ, नळाखाली हात, हातावर फेस. पोरं तक्त्याकडं बघून विचारायची, "बाई, ह्ये काय हाय?" नळ ओळखीचाच नव्हता त्यांच्या. मी कपाळावर हात मारला. ती म्हणाली, "झुगेर, झुगेर."

हा तिचा शब्द. 'काही नाही, ठीक आहे' असा त्याचा अर्थ. दूध नासलं, झुगेर. वीज गेली, झुगेर. तिसऱ्या दिवशी तिनं एका बाटलीच्या झाकणाला खिळ्यानं भोक पाडलं, बाटली उलटी टांगली, आणि एका तांब्यात तीस पोरांचे साठ हात धुवून दाखवले. मग कॉलनीतली पोरंही पडली-झडली की गुडघा चोळत 'झुगेर' म्हणायला लागली.

तिला भीती नव्हती असं समजू नका. पालीला घाबरायची. जालना रोड ओलांडायचा म्हणजे माझा दंड दोन्ही हातांनी धरून डोळे मिटून घ्यायची. "ताई, झालं?" "झालं गं, उघड डोळे." पलीकडं पोचल्यावर माझ्या दंडावर तिच्या बोटांचे ठसे असायचे. मी मुळात भित्री बाई. माझ्या भरवशावर कुणी डोळे मिटावेत, हे मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू.

सकाळी उठल्यावर ती चहा करायची. दुधाचा, आणि साखरेऐवजी मीठ घातलेला. पहिल्या दिवशी मी एक घोट घेतला आणि जीव मुठीत धरून गिळला. पण त्या चहाचा पहिला घोट तिचाही नसायचा. लाकडाची एक लांब पळी तिनं देशाहून आणली होती, टोकाला नऊ बारीक खळगे कोरलेली. ती त्या चहात बुडवून बाहेर यायची आणि चारही दिशांना, आभाळाकडं, थेंब उडवायची. थेंब किती? ड्रममधल्या पाण्याच्या हिशेबातही आले नसते. "आई करायची, आजी करायची," ती म्हणाली. "आधी आभाळाला, मग घरच्यांना."

आमच्या घरात बाबासाहेबांच्या नंतर देव्हारा राहिला नाही, अंगारा-धुपारा राहिला नाही. मी म्हटलं, करते तर करू दे, आपलं काय जातं.

आता माझ्या जिभेविषयी सांगायला हवं. मी भित्री आहे, पण जीभ भित्री नाही. चार बायका जमल्या की या जिभेला काहीतरी बोलून दाखवायचंच असतं. एकदा रांगेत कमलबाईंनी विचारलं. कमलबाई म्हणजे आमच्या समोरच्या, देवगाव रंगारीकडून शेत सोडून इथं आलेल्या, नातवाला बालवाडीत सोडायला येणाऱ्या.

"बाई, ती सकाळच्या पारी वर काय फेकती वं?"

ती सरळ सांगायची गोष्ट होती. पण बायका माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि पाणी आटल्यापासूनच्या नऊ महिन्यांत कुणी मनापासून हसलं नव्हतं. मी म्हणाले, "ढगांना सांगती ती. आधी माझ्या गावाला जाऊन या म्हणती, मग इकडं थांबा."

काय हसल्या सगळ्या! कमलबाई सुद्धा हसल्या. मी घरी आले ती खुशीत.

त्या वर्षीही पाऊस नुसता तोंड दाखवून गेला. दौलताबादच्या बाजूनं संध्याकाळी ढग भरून यायचे, वारा सुटायचा, मातीचा वास यायचा, सगळी कॉलनी गच्चीवर. आणि तासाभरात आभाळ कोरडं ठणठणीत. कॉलनीतला एकुलता एक बोअर ती आली त्याच महिन्यात आटला होता. टँकर चार दिवसांवरून सहावर गेला, सहावरून आठवर. पहाटे जाग आली की आधी ड्रमावर बोटं वाजवून पाणी किती उरलंय ते बघायचे, मग दिवस कळायचा.

अशात माझंच वाक्य माझ्याकडं परत आलं. किराणा दुकानात एक अनोळखी बाई दुसरीला सांगत होती, "त्या चिनी बाईनं पाऊस बांधलाय. आपले ढग तिच्या मुलखात धाडती. रोज सकाळी मंत्र म्हणती." माझ्या हातातली साखरेची पुडी तशीच राहिली. मी त्या बाईला म्हणायला हवं होतं की अहो, ते मीच बोलले, चेष्टा होती. मी गुपचूप सुट्टे पैसे घेतले आणि बाहेर पडले.

मग कमलबाईंचा नातू आजारी पडला. जुलाब, उलट्या, घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, भरती करावं लागलं. टँकरच्या तळाचं गढूळ पाणी, तेही पाच दिवस साठवलेलं, पोर आजारी पडणार नाही तर काय? पण कमलबाईंना आठवलं ते एवढंच, की बालवाडीत पोराचे हात ही बाई रोज स्वतःच्या हातानं धुवायची. बालवाडीत तीसची वीस झाली पोरं, वीसची अकरा.

आणि सकाळी लोक उभे राहायला लागले. ती पळी घेऊन बाहेर यायच्या वेळी समोर, थोडं लांब, पाच-सहा जण. काही बोलायचे नाहीत, नुसते बघायचे. नंतर दहा जण झाले. दिवसाही कुणी ना कुणी तिच्या खिडकीत डोकावून जायचं. मला त्या बघण्याचीच भीती वाटायची. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती मात्र खूश होती. खरंच सांगते. मला म्हणाली, "ताई, लोक मी जिवंत आहे का बघायला येतात."

"म्हणजे?"

मग तिनं सांगितलं. ती लहान असताना तिच्या गावात एक परदेशी बाई आली होती, अशीच, वर्षभर शिकवायला. हिवाळा असा की पातेल्यातलं पाणी गोठायचं. त्या बाईला शेगडी पेटवता यायची नाही, कोट घालून झोपायची. गावाला वाटलं, ही पहिल्या थंडीतच मरणार. म्हणून गावानं पाळ्या लावल्या. रोज सकाळी कुणीतरी तिच्या घरासमोर जाऊन उभं राहायचं. धुराड्यातून धूर निघाला की घरी येऊन सांगायचं, आहे. "मी पण जायचे. खिडकीत बघायचे. ती आतून हात हलवायची." आणि हिनं मला हात हलवून दाखवला. "आता मी आत आहे आणि लोक बाहेर. मी पण रोज हात हलवते त्यांना."

मी पाहिलं होतं तिला हात हलवताना. बाहेरचे लोक दचकून मागं सरले होते. ती काहीतरी करतेय, म्हणाले.

मी तिला सांगितलं नाही. काय सांगणार? की अगं, ते तुझ्या जिवासाठी नाही उभे, आणि त्यांना उभं मी केलंय? संस्थेला लावायला म्हणून दोनदा फोन हातात घेतला. ते बालवाडी बंद करतील, माझी नोकरी जाईल, आणि पहिला प्रश्न विचारतील की हे सुरू कुणी केलं. ठेवून दिला फोन.

एका दुपारी ती स्टीलचा ग्लास घेऊन माझ्या घरी आली. लिंबाचं सरबत. त्या दिवसांत लिंबू किती महाग, आणि पाणी तर विचारूच नका.

"कुठून आणलंस गं?"

"कुणीतरी दारात ठेवलं, ताई. कुंकू लावून, सुंदर. टाचण्या पण दिल्या आहेत." तिनं मूठ उघडली. सात टाचण्या. "तक्त्यांना लागतील."

आमच्या घरात हे असलं काही मानत नाहीत, हे मी तुम्हाला मघाशी सांगितलं. तरी ग्लास ओठाशी नेला आणि परत खाली ठेवला. ती समोर बसून माझ्याकडं बघत होती, आवडलं का म्हणून. मी प्यायले. सगळं प्यायले. मला मंत्राची भीती नव्हती वाटत. ते लिंबू ठेवणाऱ्या हातांची वाटत होती.

त्या आठवड्यात टँकर आठव्या दिवशीही आला नाही. आठव्या दिवशी संध्याकाळी ढग आले, कधी नव्हे ते गडगडले, चार थेंबही पडले पत्र्यावर. कमलबाईंच्या सुनेनं अंगणात बादल्या मांडल्या. मग सगळं विरून गेलं, चांदण्या दिसल्या.

नवव्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखे थेंब उडवले. हात हलवला. दहाच्या सुमाराला टँकर आला.

मी माझे दोन ड्रम सरकवत सरकवत पाइपाजवळ आणले होते, पुढचा नंबर माझाच. ती दोन बादल्या घेऊन माझ्या मागं येऊन उभी राहिली. कमलबाई पुढं झाल्या. रात्रभर घाटीत जागून आलेल्या, डोळे लाल.

"हिला पानी द्यायचं नाय. आधी आमचं ढग माघारी बोलीव म्हणावं."

"व्हय, नाय द्यायचं," मागून दोघी-तिघी बोलल्या. मग पुष्कळ जणी बोलल्या.

ती गोंधळून माझ्याकडं वळली. "ताई, काय म्हणतात?"

कमलबाईंनी माझा दंड धरला. "सांगा की बाई. तुमीच सांगितलं व्हतं ना आमाला? ती ढग धाडती म्हनून? सांगा हिच्या तोंडावर!"

बघा, तोच क्षण होता. 'चेष्टा केली होती मी' एवढं बोलायचं होतं. चार शब्द. माझी जीभ, जी कधी गप्प बसली नाही, ती टाळूला चिकटली. पन्नास बायका माझ्याकडं बघत होत्या. खरं बोलले तर नऊ दिवसांचा सगळा राग माझ्यावर येणार, आणि माझे ड्रम रिकामे परत जाणार. दुसरा कुठलाही विचार माझ्या मनात आला नाही. आला असता तर आज तो तुम्हाला सांगितला असता.

कुणीतरी तिची बादली ओढली. कुणी ओढणी ओढली. रेटारेटी झाली, मी मागं ढकलले गेले आणि माझी टाच तिच्या पायावर पडली. सगळं वजन. तिच्या पायात नुसती रबरी चप्पल. ती कळवळली, तिच्या भाषेत काहीतरी ओरडली. मग कुणाचा पाय ते तिनं पाहिलं. आणि त्या सगळ्या गोंधळात, एकीनं तिची वेणी धरलेली असताना, तिनं हात पुढं केला. उजवा हात, कोपराला डाव्याचा आधार.

सगळ्या थांबल्या. माझ्याकडं बघायला लागल्या.

मी पाइप धरला. "माझा नंबर आहे," मी म्हणाले.

तिचा हात तसाच होता. मी ड्रमात पडणाऱ्या पाण्याकडं बघत राहिले. हात खाली गेला कधी, ते मला दिसलं नाही, कारण मी वर बघितलंच नाही.

पुढचं मला आवाजानं माहीत आहे. बादली आपटल्याचा आवाज, तिचं रडणं, आणि मग खालाबींचा आवाज. कोपऱ्यावरच्या खालाबी, सत्तरीच्या, काठी टेकत चालणाऱ्या. "हटो! शरम नै आती? एक लडकी पे इत्ते जने? हात लगाके बताओ अब!" त्यांनी तिला ओढत स्वतःच्या घरात नेलं. बायका थोडा वेळ बाहेर ओरडत राहिल्या. मग टँकरमधलं पाणी संपत आलं असं कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या धावत आपापल्या ड्रमांकडं आल्या. गर्दी पाण्यासाठी जमली होती, पाण्यासाठीच पांगली. पस्तावून कुणी गेलं नाही.

चार वाजता संस्थेची जीप आली. खालाबींच्या नातसुनेनं फोन केला होता म्हणे. जीप गेल्याचा आवाज मी दाराआडून ऐकला.

तिच्या खोलीत भिंतीवर तक्ते तसेच होते, सात टाचण्यांनी लावलेले. पळी तेवढी नव्हती. उलटी टांगलेली बाटली पुढं कितीतरी महिने टपटपत राहिली, कुणीतरी पोर ती भरून ठेवायचं. कमलबाईंचा नातू बरा होऊन आला. आल्या आल्या त्यानं विचारलं, "झुगेर बाई कुटं गेल्या?" कमलबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. त्यांनाही पुढं कधी त्या दिवसाविषयी बोलताना मी ऐकलं नाही.

आता तिथं चार मजली इमारती आहेत, रस्ता सिमेंटचा आहे, शहराचं नावही बदललं. माझ्या पायावर कुणाचा पाय पडला किंवा माझा कुणाच्या, की माझा उजवा हात आपोआप पुढं येतो. बसमध्ये, बाजारात, लग्नाच्या पंगतीत. लोकांना वाटतं म्हातारी चळली. काही जण देतात हात, हसत हसत.

खालाबी माझ्याशी वर्षभर बोलल्या नाहीत. मग एका ईदला त्यांनी नातसुनेला पाठवून मला बोलावलं. शिरखुर्म्याची वाटी हातात दिली. मी खाऊ लागले तशा म्हणाल्या, "तेरे कू एक बात बतानी थी. बताऊं के नक्को, सोच रही थी."

मी मान हलवली.

"वो लडकी उस दिन इधरीच बैठी थी, दरवाजे में. पाँव का अंगूठा काला पड गया था. मैं बोली, अंदर बैठ, दरवाजा लगा लेती मैं, लोगां अच्छे नै हैं. नै मानी. बोली, खुला रखो खालाबी, ताई आयेगी. वो लोगां के सामने नै दे सकी, डर गई. अब अकेली आयेगी, हात देगी." खालाबींनी काठी मांडीवर आडवी घेतली. "जीप का हार्न बजा तो भी उठी नै. बोली, पाँच मिनट और."

मी वाटी खाली ठेवली.

दहा वाजल्यापासून चार वाजेपर्यंत ती उघड्या दारात बसून होती. आणि मी चार घरं पलीकडं, आतून कडी लावून, काठोकाठ भरलेल्या दोन ड्रमांना टेकून बसले होते.